रेघ एकच ओढायची

बोर्डावरची खोपडी कुणी वाचत नाही. हे मी आमच्या दुकानाच्या टेकचंद सेठला सांगितलं, गुरुदत्तला सांगितलं, आणि दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू टेबलावरचा चिमटा बोलायला लागला.

"अंबरनाथला त्या कंपनीत जाऊन बघा," मी म्हटलं. "अ‍ॅसिडच्या टाकीवर खोपडी, डिझेलच्या टाकीवर खोपडी, प्यायच्या पाण्याच्या टाकीवरसुद्धा खोपडी. आपल्याच दुकानातनं गेल्यात, माझ्याच हातानं सोलल्यात. पोरं त्या खोपडीखालचं पाणी रोज पितात आणि ठणठणीत राहतात. मग दुसऱ्या टाकीवरच्या खोपडीला कशाला घाबरतील?"

"अरे, डेंजर तो सब समझते हैं," सेठ म्हणाला.

"नवसूला नाही समजलं."

नवसूचं त्यालाही माहीत होतं.

नवसू आमच्या शेजारच्या वाडीचा. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला आमच्या ठाकरांच्या वाड्या. धरणाचं पाणी खाली कंपन्यांना जातं, आणि माणसंही त्याच वाटेनं खाली जातात. नवसू ठेकेदाराच्या टोळीत होता. जमिनीत पुरलेली टाकी रिकामी झाली की आत उतरून तळाचा गाळ खरवडायचा, हे काम. गाळातून वायू सुटतो. तो दिसत नाही, ओरडत नाही, आधी गुडघे घेतो आणि मग माणूस घेतो. टाकीच्या तोंडावर साखळी होती, साखळीला इंग्लिशमध्ये तीन ओळींचा बोर्ड, वर खोपडी. नवसू त्या बोर्डाखालून वाकून आत गेला आणि वर आला तो ओढून काढलेला. कंपनी म्हणाली, "बोर्ड लावलेला होता." खरंच होता. या एका वाक्यावर कंपनी सुटली. त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही, आणि मी ते आणणारही नाही.

आता सोमवारी त्याच टाकीत माझा भाऊ बारकू उतरणार होता.

आम्ही दोघं बदलापूरच्या बाजूला सोनिवलीत खोली करून राहायचो. शुक्रवारी भाकरी खाता खाता त्यानं सांगितलं, "बाय, सोमवारी पयला मीच. मुकादम बोलला, तू बारीक हायस, भोकातून पटकन जाशील."

"जाऊ नको."

"मी नाय गेलो तर देऊ जाईल. देऊ नाय तर येसू. भोक रिकामा नाय राहात, बाय."

बरोबर बोलला पोरगा. एका बारकूला घरी बसवून काय होणार होतं? भोकाच्या तोंडाशीच काहीतरी पाहिजे होतं, उतरणाऱ्याला कळेल असं.

आणि शनिवारी सकाळी त्याच कंपनीची ऑर्डर आमच्या दुकानात आली. कंपनीत सरकारी साहेब तपासणीला येणार होता, म्हणून कंपनीला एकदम मराठी आठवली. सगळ्या टाक्यांना बोर्ड पाहिजेत, इंग्लिश आणि मराठी दोन्ही, सोमवारी सकाळी लागलेले. रंगानं लिहिलेले नकोत. तिथल्या वाफांनी रंग पापुद्रे धरतो. रेडियमचेच पाहिजेत.

व्हिनाइलला आमच्या उल्हासनगरात सगळे रेडियमच म्हणतात, अंधारात चमको न चमको. कॅम्प तीनमधल्या या दुकानात आधी पोरं ब्लेडनं रेडियम कापायची. रिक्षांच्या काचेवरची नावं, नंबरप्लेटी, मिठाईच्या दुकानांचे दर. मग सत्त्याण्णव साली सेठनं मशीन आणलं. कॉम्प्युटरवर कोरल नावाच्या प्रोग्रॅममध्ये अक्षर काढायचं, हुकूम द्यायचा, की शेजारच्या प्लॉटरवर रेडियमचा रोल मागंपुढं सरकतो आणि सुईएवढी सुरी अक्षराच्या कडेकडेनं फिरते. वरचं रेडियम कापते, खालचा कागद अख्खा ठेवते. ब्लेडवाली पोरं गेली. मी राहिले, कारण मशीन कापतं, सोलत नाही. अक्षराच्या भोवतालचं फालतू रेडियम चिमट्यानं काढायला माणूस लागतोच, आणि माझ्याइतकं झरझर सोलणारं कॅम्प तीनमध्ये कुणी नव्हतं. हे मी स्वतः सांगतेय कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

कॉम्प्युटरवर गुरुदत्त बसायचा. डोंबिवलीचा, कोर्स केलेला, स्वभावानं वाईट नाही. पण तो म्हणाला, "सेठ, मराठी कट होत नाही."

"कसं होत नाही?" मी विचारलं.

"होत नाही म्हणजे होत नाही. मागं गणपतीला ट्राय केलं होतं. सगळा चुरा झाला. तूच सोलत होतीस."

खरं होतं. फालतू रेडियम ओढलं की त्याबरोबर शिरोरेघेचे तुकडे निघून यायचे. अक्षरं राहायची ती डोकं उडवल्यासारखी. आम्ही तो रोल फेकला, सेठनं आम्हाला फेकायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि तेव्हापासून दुकानाचा कायदाच झाला, की रेडियम पाहिजे तर इंग्लिशमध्ये घ्या. म्हणजे मशीन आणायचं मराठी मुलखात आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, तुझ्या भाषेत दोष आहे.

"फिर क्या, इंग्लिश बना दो, खोपड़ी बड़ी कर दो," सेठ म्हणाला. "मराठी का साहेब को मैं समझा दूंगा."

तेव्हा मी ते खोपडीचं बोलले. आणि नवसूचं नाव निघाल्यावर लगेच पुढचंही बोलून घेतलं. "आज दिवसभर द्या मला. नवा रोल नको. गोणीत कापलेल्या रोलचे तुकडे पडलेत, त्यावर करून बघते."

"तू करके देखेगी? तू सोलनेवाली है."

"मग? सोलल्यावर कळतं सुरी कुठं चुकली ते. यंत्राला कळत नाही, आणि जो खुर्चीत बसतो त्यालाही कळत नाही."

"ए!" गुरुदत्त म्हणाला.

"चरी है ये लड़की," सेठ म्हणाला. चरी म्हणजे सिंधीत वेडी. "साईं, करो. शाम तक. नहीं हुआ तो खोपड़ी."

गुरुदत्तनं आधी मजकूर टाइप केला. मी जाऊन मागं उभी राहिले. पडद्यावर लिहिलं होतं: 'विनापरवाना प्रवेश निषिद्ध'.

"हे काय?"

"मजकूर. सरकारी बोर्डांवर असाच असतो."

"निषिद्ध काय असतं रे? चातुर्मासात तुझ्या आईला कांदा-लसूण निषिद्ध असतं. आमच्या वाडीत हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नाही. बारकू हे वाचेपर्यंत बेशुद्ध होईल."

गुरुदत्त हसला. हसला म्हणून वाचला. "बरं बाई, मग काय लिहू?"

"टोळीत जुनी माणसं काय सांगतात ते. थांब. आधी पंखा लाव. वर माणूस ठेव. मग उतर."

"एवढंच?"

"नवसूला कुणी एवढंच सांगितलं असतं तर आज घरी असता."

त्यानं टाइप केलं. मोठं, जाड अक्षर. पहिल्या तुकड्यावर नुसतं 'थांब' कापलं. मी सोलायला घेतलं. फालतू उचललं, त्याबरोबर 'थां'ची डोक्यावरची रेघ निघून आली. मी चिमटा ठेवला आणि तो तुकडा उन्हाकडे धरला. गणपतीला घाईत टाकून दिलं होतं. या वेळी नीट बघितलं.

सुरीच्या खुणा दिसल्या. आणि मला कळलं.

इंग्लिश अक्षरं सुटी उभी असतात, अनोळखी माणसं रांगेत उभी राहतात तशी. मशीन एकेकाभोवती फिरतं, काम झालं. आमची अक्षरं खांद्याला खांदा लावून. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं, आणि तो तुकडा शेजारच्याच्या तुकड्यावर जरासा चढलेला असतो. पडद्यावर काळ्यावर काळं, डोळ्याला अख्खी रेघ दिसते. पण सुरी डोळ्यानं कापत नाही. ती प्रत्येक अक्षराची कड वेगळी धरते, आणि जिथं एक तुकडा दुसऱ्यावर चढलाय तिथं आरपार दोनदा जाते. मग रेघ कुठली? नुसत्या चिंध्या.

"गुरुदत्त, हे बघ. याला प्रत्येक अक्षराचं वेगळं छप्पर आहे."

"म्हणजे?"

"आम्ही घर बांधतो तेव्हा आधी मेढी, म्हणजे खांब, रोवतो. सगळ्या उभ्या राहिल्या की वर आडवा वासा टाकतो, एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक मेढीला वेगळी टोपी घालतो का? घातली तर पहिल्या वाऱ्याला घर उडेल."

मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकले. पुढं वाडीत साक्षरता वर्ग चालायचा तेव्हा पाटीवर शिकवायला मीच होते, कारण दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. बापये माणसं, कुऱ्हाड धरलेले हात. त्यांना मी शिकवायची, अक्षरं आधी मांडा. रेघ ओढू नका. सगळा शब्द उभा राहिला की मग शेवटी, न थांबता, एका दमात रेघ. त्यांना हे लगेच कळायचं, कारण सगळ्यांनी घरं बांधलेली. बारकू, देऊ, येसू सगळे तिथंच शिकले. नवसू नव्हता. तो वर्गाला आला नाही, आणि आला असता तरी साखळीवरचा बोर्ड इंग्लिशच होता.

"म्हणजे वरून एक लांब पट्टी टाकू?" गुरुदत्त म्हणाला. त्यानं शब्दाच्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड काळी पट्टी ओढली. दिसायला झकास. मी दुसरा तुकडा लावला, प्लॉटर किर्रर्र करत फिरला, मी सोललं. चुरा. आधीपेक्षा जास्त. आता सुरीनं जुने तुकडेही कापले होते आणि नवी पट्टीही.

मागून सेठ बघत होता. "हो गया? खोपड़ी निकालूं?"

"तुम्ही चहा सांगा, सेठ," मी म्हटलं.

मला वासा सुचला होता, पण वासा नुसता ठेवून चालत नाही, मेढीला बांधावा लागतो. मी गुरुदत्तला म्हटलं, "ही पट्टी आणि खालची अक्षरं एकजीव करायला तुझ्या कोरलमध्ये काही नाही? असं की मधल्या सगळ्या रेघा मरतील आणि बाहेरची कड तेवढी राहील?"

तो खुर्चीत मागं टेकला. मग हळूच म्हणाला, "आहे. वेल्ड." त्यानं ते एकदा हॉटेलच्या निशाणीसाठी वापरलं होतं, दोन गोल जोडायला. "इंग्लिश अक्षराला कधी लागलंच नाही गं. म्हणून अक्षराला लावायचं डोक्यातच आलं नाही."

"आता आलं ना. लाव."

त्यानं सगळं निवडलं, अक्षरं, काना, अनुस्वार, पट्टी, आणि वेल्ड दिला. मग आतला काळा रंग काढून नुसती कड दाखवली. मी पडद्याला नाक लावलं. 'थांब' अख्खा शब्द एका कडेनं वेढला होता, मध्ये एकही आडवी रेघ नाही. 'ब'च्या पोटातली भोकं जिथल्या तिथं. वर अनुस्वार सुटा, तसा तो असतोच.

तिसरा तुकडा. प्लॉटरचा आवाजसुद्धा वेगळा आला. आधी सुरी सारखी उचलायची, टेकायची, उचलायची. आता लांब, न अडखळता. मी चिमट्यानं कोपरा धरला आणि फालतू ओढत गेले. ते एका सलग जाळीसारखं निघालं आणि कागदावर 'थांब' राहिलं. अख्खं, डोक्यावर छप्पर घेऊन.

गुरुदत्त ओरडला. मी नाही ओरडले. मला माहीत होतं.

सेठनं तो तुकडा उचलला, नखानं रेघ तपासली, दारात जाऊन उजेडात धरला. सिंधी माणूस, शाळेत त्याची लिपीच वेगळी, पण बोर्डाच्या धंद्यात आयुष्य गेलेलं. "एक पीस में है," तो म्हणाला. मग दुकानभर ऐकू जाईल असं, "वाह साईं! अब तो पूरा बाजार का मराठी अपना!" नवा रोल त्यानं स्वतःच्या हातानं लावला. रविवारी दुकान बंद असतं. त्या रविवारी नव्हतं.

शेवटचा एक संच मी गोणीतल्या लाल तुकड्यांवर कापून घेतला. सेठनं विचारलं, "ये किस टंकी का?"

"हा ऑर्डरमध्ये नाही. हा माझा."

सोमवारी बोर्ड टेंपोत चढले तेव्हा मीही चढले.

"तू कहां? लगाने के लिए लड़का जा रहा है."

"त्याला कुठं लावायचा ते माहीत नाही, सेठ."

टाकीच्या शेडमध्ये पोचले तेव्हा टोळी उभी होती. शंकरराव मुकादम हातातलं घड्याळ बघत होता. पत्र्याचे बोर्ड मी कंपनीनं दाखवले तिथं भिंतीवर लावले. उंच, साहेबाच्या नजरेला पडतील असे. मग मी टाकीकडे गेले. टाकीच्या तोंडाला बिजागरीचं गोल लोखंडी झाकण. ते उघडून मागं टेकवलं की त्याची आतली बाजू उतरणाऱ्याच्या अगदी तोंडासमोर येते. नवसू उकिडवा बसला असेल तेव्हा त्याच्या समोर तेवढंच होतं, रिकामं लोखंड.

मी थिनरनं ते पुसून काढलं. ओशटपणा राहिला तर रेडियम धरत नाही. लाल अक्षरं टेपवर उचलली, झाकणावर बसवली, प्लास्टिकच्या पट्टीनं मधून कडेकडे घासत गेले, आणि टेप सोडवली.

"ए बाई, झाली का तुझी रांगोळी?" शंकरराव म्हणाला. "बाजूला हो. साहेब यायच्या आत टाकी साफ पाहिजे. बारक्या, चल."

बारकू पुढं आला, टाकीच्या कडेला उकिडवा बसला. शिडीवर पाय टाकणार तर समोर झाकण. तो थांबला. मग त्यानं बोट लावलं, रेघेखाली, मी शिकवलं तसं.

"थां-ब," तो वाचायला लागला. "आ-धी पं-खा लाव."

"वर माणूस ठेव," मागून देऊ म्हणाला. तो वाकून वाचत होता.

"मग उतर," येसूनं संपवलं.

बारकूनं पाय मागं घेतला. "मुकादम, पंखा कुठंय?"

"पंखा दुसऱ्या प्लांटला गेलाय. उतर तू."

"पंखा आल्यावर उतरतो."

"अरे वा! वाचनालय काढलंय काय इथं?" शंकरराव खाली वाकला आणि झाकणावरच्या अक्षरांना नख घातलं. रेघेच्या टोकाला, मग मध्ये, मग 'ठेव'च्या डोक्यावर. शिवण शोधत होता. सुटी अक्षरं असती तर एक तरी निघालं असतं. शिवण नव्हतीच. नख मोडलं, तसा शिवी देत उभा राहिला. "तुमच्यासारखे छप्पन मिळतात. दुसरी टोळी आणतो."

"आणा की," देऊ म्हणाला. "त्यांनापण वाचून दावतो. आम्हाला काय काम हाय आता?"

टोळीत कुणीतरी फसकन हसलं. शंकररावानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं, हे कुठनं आलंय.

"हा बोर्ड कुणी सांगितला तुला?"

"कंपनीनं ऑर्डर दिली. भिंतीवर बघा, तोच मजकूर आहे, तुमच्या डोक्यावर," मी म्हटलं. "मागच्या वेळी कंपनी म्हणाली, बोर्ड लावलेला होता. आता आम्ही म्हणू. बोर्ड लावलेला होता, मुकादम. साहेब येऊ देत. त्यांच्यासमोर या बोर्डाखाली बिनपंख्याचा माणूस उतरवून दाखवा."

त्यानं भिंतीवर बघितलं, मग फाटकाकडे. त्यानं एका माणसाला हाक मारली आणि खेकसला, "जा रे, पंखा घेऊन ये. सायकल घे."

पंखा आला. मोठा, गंजका, लांब कापडी नळीचा. नळी टाकीत सोडली आणि पंखा सुरू केला, तशी आतून सडक्या अंड्यासारखी घाण वर आली, सगळे तोंड धरून मागं सरले. शंकररावही सरला. नवसू प्रत्येकाला आठवला असणार. वास जाईपर्यंत पंखा चालू ठेवला, आणि गेल्यावरही चालू ठेवला.

बारकूनं कमरेला दोर बांधला. "मुकादम, वर कोण?"

"सगळे उतरा. काम उरकायचंय."

बारकूनं झाकणावर बोट ठेवलं. नुसतं ठेवलं, या वेळी वाचलंही नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, तू बस."

मी टाकीच्या कडेला बसले, पाय रोवले, दोराचं दुसरं टोक मुठीत गुंडाळलं. दोर माझ्या हातातून सरकत गेला, हळूहळू, शिडीच्या एकेका पायरीनं. आतून खोऱ्याचा आवाज यायला लागला आणि बारकूचा आवाज, देऊला काहीतरी टोमणा मारणारा.

बाहेर सेठच्या टेंपोनं हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. कुणीतरी येऊन म्हणालं, "बाई, टेंपो निघतोय, सेठनं फोन करून बोलावलंय, दुकानात बोर्डांची लाइन लागलीय म्हणे मराठीच्या."

"सेठला सांग," मी म्हटलं, "वर माणूस ठेवलाय."

आणि दोर ताठ धरला.